शिकवणाऱ्याला पगार नाही, म्हणून पदवी बोगस?

काल दाजींनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘फुकट शिकवणाऱ्या कॉलेजांपासून मुलांना वाचवा. शिक्षकांना पगार नाही म्हणजे दर्जा नाही. फुकटच्या शिक्षणाला किंमत नसते. अशा संस्थेला मान्यता मिळूच शकत नाही.’ आणि संध्याकाळी भाचीला सांगून टाकलं, उद्यापासून क्लास बंद. ही पोर दिवसभर मशीनवर बसते आणि सातला वाचनालयात जाते. तिथे बँकेतून रिटायर झालेले एक काका एक पैसा न घेता अर्थशास्त्र शिकवतात. परीक्षा ती नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची देते.

पगाराचा मुद्दा वाचून डोकंच फिरलं. आपल्या सीनियर कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती जण शिकवतात, ते कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं. पैसे तासावर, तेही महिनोन्‌महिने अडकलेले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पदवीला कोणी बोगस म्हणतं का? पेपर विद्यापीठ काढतं, तपासणी विद्यापीठ करून घेतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं तेव्हा ते स्वतः शिकवतही नव्हतं. शिकवायची कॉलेजं, विद्यापीठ परीक्षा घेऊन पदवी द्यायचं. भाचीची वही मी पाहिलीय. मागणीच्या वक्राशेजारी तिने ब्लाऊजच्या शिलाईचे दर मांडलेत, दर वाढवला तर किती गिऱ्हाइकं तुटतील ते. काकांनी करून घेतलंय ते. याहून चांगलं शिकवणं म्हणजे काय?

‘मान्यता मिळूच शकत नाही’ हे तर धादांत खोटं. अमेरिकेतली युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल २००९ मध्ये शाय रेशेफ यांनी काढली. शिकवणीची फी नाही, बरंचसं काम स्वयंसेवक प्राध्यापक करतात. २०१४ मध्ये तिला तिथल्या अधिकृत संस्थेची मान्यता मिळाली.

आता एवढं कबूल करतो की तिथेही परीक्षेचे पैसे भरावे लागतात, आणि परदेशी पदवी इथे चालेल का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावं. शिवाय १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं कलम २२ आहे. पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच. वाचनालयाने उद्या स्वतःची बीए वाटली तर तो गुन्हाच. पण त्या कलमात फीबद्दल किंवा शिक्षकांच्या पगाराबद्दल एक अक्षर नाही. नाशिकचं विद्यापीठ १९८९ च्या राज्याच्या कायद्याने झालंय, म्हणजे विषय संपला.

राहिली ‘फुकटाला किंमत नसते’ची गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते साताऱ्यातच. खिशात पैसे नसताना ‘कमवा आणि शिका’मधून, अंगमेहनत करत, किती गरिबांची पोरं पदवीधर झाली, ते सातारकरांना मी सांगायला नको.

दाजी, परीक्षेच्या फॉर्मची पावती तिच्या वहीत, शेवटच्या पानाला टाचलेली आहे. वर विद्यापीठाचं नाव आहे, ते बघा. आणि आज सातला तिला जाऊ द्या.