मायनर घ्यावं की नुसते विषय?

काल पुतणीचा फोन. "काका, इलेक्ट्रॉनिक्ससोबत फिजिक्सचं मायनर घेऊ का?" मायनर म्हणजे मुख्य पदवीच्या जोडीला दुसऱ्या शाखेचे ठरावीक विषय. मी 'घे' म्हणणारच होतो, पण जीभ आवरली. मी स्वतः ते घेतलं होतं आणि त्यातले निम्मे विषय मला कधीच उपयोगी पडले नाहीत.

जे उपयोगी पडलं ते मात्र भरपूर. डायोडच्या, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या, समीकरणात २६ मिलिव्होल्ट हा आकडा येतो. आमच्या वर्गात तो पाठ करायचा, विषय संपला. मग मायनरच्या स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या (असंख्य कणांच्या हालचालींचा एकत्र हिशोब) तासाला शास्त्रज्ञ बोल्ट्झमन भेटला. त्याचा स्थिरांक घ्या, खोलीच्या तापमानाने म्हणजे साधारण ३०० केल्विनने गुणा, इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा. आले की २६ मिलिव्होल्ट! मी दोनदा आकडेमोड केली. कणांची उष्णतेमुळे चाललेली धडपडच त्या आकड्यात बसली होती. प्रवाह तोच ठेवून सिलिकॉनचा डायोड तापवला की त्यावरचं व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने का उतरतं, हेही तिथूनच उलगडत गेलं.

पण प्रमाणपत्रासाठी सहा विषय भरायचे होते. ऑप्टिक्सची लॅब नेमकी प्रोजेक्टच्या वेळेवर आली. शेवटी गणती पुरी करायला खगोलशास्त्राची तोंडओळख घेतली (मजा आली, खोटं कशाला बोलू) आणि त्यापायी कंट्रोल सिस्टिम्सचा पुढचा पेपर सोडला. तो आजही नडतो. मुलाखतींत मायनरबद्दल एकदाच विचारलं गेलं, तेही "अरे वा, फिजिक्सपण?" इतकंच.

लोक जॉन बार्डीनचं उदाहरण देतात. पदवी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची आणि फिजिक्सचं नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२ मध्ये. पण मधे त्यांनी गणिती भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली होती, हे सांगायचं राहून जातं.

पुढे फिजिक्स किंवा मटेरियल सायन्समध्येच शिकायचं असेल, किंवा मायनरवाल्यांनाच वरच्या वर्गांत जागा मिळत असेल, तर जरूर घ्यावं. नाहीतर अडलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारे दोन-तीन विषय सुटे घ्यावेत, असं माझं मत.

तिला म्हटलं, मायनरचं नाव राहू दे, विषयांची यादी पाठव. आली तेव्हा सहापैकी तीन विषयांवर तिनेच फुली मारलेली. उरलेल्यांत क्वांटम आहे, पण त्याआधी लिनिअर अल्जेब्रा हवं आणि ते तिला पाचव्या सेमिस्टरला. सध्या तेवढं कुठे बसतंय ते बघतोय.