रुपयाला दीड टका मिळतो, म्हणून काय?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या मामांनी एक मेसेज टाकला. मथळा ‘बांगलादेशची लायकी ओळखा’. खाली तीन तिरंगे, दोन ढोल आणि सहा मुद्दे. ते थोडक्यात असे. आपल्या एका रुपयाला जवळजवळ दीड टका (हे त्यांचं चलन) मिळतो, म्हणजे आपण त्यांच्या दीडपट. त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्या पुढे गेल्याची बातमी ही परदेशी संस्थांनी उठवलेली कंडी होती. त्यांच्याकडे शिलाई मशीन सोडून काही नाही. तिथे ना शाळा, ना दवाखाने, म्हणून लोक इकडे येतात. आपण त्यांना कांदा, सूत, फळं, वीज फुकटात पुरवतो, आठ दिवस बंद करा, गुडघ्यावर येतील. आणि सहावा, खुद्द संयुक्त राष्ट्रसंघ त्यांना ‘अल्पविकसित’ म्हणतो, तेव्हा तुलनाच कशाला?

असले मेसेज मी एरवी न वाचता वर सरकवतो. पण हा मामांनी पाठवला. मामांची वरुडजवळ संत्र्याची साडेतीनशे झाडं आहेत. त्यांच्या मालाचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक कोण, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि त्यांनीच हे पुढे ढकलावं? मी पनवेलला राहतो, न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणं हे माझं पोटापाण्याचं काम. अर्थशास्त्रज्ञ नाही. पण कुठला माल कुठून कुठे जातो आणि पैसे कोण कोणाला देतो, एवढं रोज डोळ्यांसमोर असतं.

पाचवा मुद्दा शेवटी घेतो. खरा राग त्याचा आहे.

आधी रुपया आणि टका. एका रुपयाला साधारण १.४ टका मिळतात, हे खरं. त्याच हिशेबाने एका रुपयाला दीडपेक्षा जास्त जपानी येन मिळतात. म्हणजे जपान आपल्या मागे? कोरियन वॉन तर पंधरा-सोळा मिळतात. कोरिया तर मग भिकेला लागला म्हणायचा. आणि उलट बाजूने बघा: एका अफगाणीसाठी आपल्याला रुपयाहून जास्त मोजावे लागतात. काबूलच्या अर्थव्यवस्थेपुढे आपण हात टेकले, असा मेसेज कोणी पाठवेल का? चलनाचं एक एकक किती मोठं कापायचं हे ज्या त्या देशाच्या इतिहासात कधीतरी ठरून गेलेलं असतं. भाकरीचे चार तुकडे केले की आठ, यावरून भाकरी केवढी होती ते कळत नाही. मामांना हे समजावायला मी पाव शेर आणि शेराचं उदाहरण दिलं, तर ते म्हणाले, ‘पण पैसा तं पैसाच राह्यते ना बाबू.’ नाही राहत, मामा.

दर आज किती आहे यातून काही कळत नाही. तो कसा हलला, यातून कळतं. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टका पडत. मे २०२४ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने एका दिवसात दर ११० वरून ११७ वर नेला. पुढे तो १२० च्या वर गेला. ही घसरण मोठी आहे आणि तिने तिथल्या माणसाला महागाईत भाजून काढलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. पण मग त्याला हेही लिहावं लागलं असतं की त्याच काळात आपला रुपयाही डॉलरला ७५ च्या आसपासून घसरतच गेला.

दुसरा मुद्दा, दरडोई उत्पन्नाची ‘कंडी’. ही कंडी नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या अंदाजपत्रात लिहिलं की त्या वर्षी बांगलादेशचं दरडोई उत्पादन १८८८ डॉलर आणि भारताचं १८७७ डॉलर असेल. अकरा डॉलरचा फरक. कारण समोर होतं: टाळेबंदीच्या वर्षात आपली अर्थव्यवस्था दहा टक्क्यांहून जास्त आकसेल असा निधीचा अंदाज होता आणि त्यांची थोडी का होईना वाढेल असा. अर्थशास्त्रज्ञ कौशिक बसूंनी तेव्हाच लक्षात आणून दिलं होतं की पाच वर्षांपूर्वी आपण २५ टक्क्यांनी पुढे होतो. बोचणारी गोष्ट ती होती. अकरा डॉलरचं कोणाला काय! पुढची दोन-तीन वर्षं जागतिक बँकेच्या आकड्यांतही बांगलादेश पुढेच दिसतो. २०२४ मध्ये आपण पुन्हा किंचित पुढे आलो. तिथल्या आणि इथल्या किमती लक्षात घेऊन क्रयशक्तीने मोजलं तर आपण २०२० मध्येही पुढेच होतो. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर. ज्याला जे हवं ते तो उचलतो. तेव्हा उलट्या बाजूचेही मेसेज फिरलेच होते, ‘बघा, बांगलादेशने कशी जिरवली’ म्हणणारे. तेही याच पोत्यातले.

इथे मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. मेसेजमध्ये पुसटसं एक वाक्य आहे की ‘त्यांचे आकडे फुगवलेले होते’. होते. हे कोणा परदेशी शत्रूने सांगितलेलं नाही, त्यांनीच सांगितलं. शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडून गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारने अर्थव्यवस्थेची श्वेतपत्रिका काढायला समिती नेमली. देबप्रिय भट्टाचार्य हे तिचे अध्यक्ष. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. विकासाचा दर राजकीय सोयीने फुगवला गेला आणि २००९ ते २०२३ या काळात वर्षाला सरासरी १६ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले, असं समितीने म्हटलं. त्याआधी जुलै २०२४ मध्येच त्यांच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीचा आकडा दुरुस्त केला होता. दहा महिन्यांच्या निर्यातीत दहा अब्ज डॉलरहून जास्त माल कागदावरच होता. काही माल दोनदा मोजला गेला होता. माझ्यासारख्या कागदपत्रं करणाऱ्याला हे वाचून काय वाटलं असेल, जाऊ द्या.

म्हणजे १८८८ हा आकडासुद्धा डोळे मिटून घेण्यासारखा नाही. मान्य. पण याच श्वेतपत्रिकेवरून मेसेजवाल्यांनी थोडी लाज घ्यायला हरकत नव्हती. त्या देशाने आपला फुगा आपणच फोडला. आपल्याकडे विकासदर मोजण्याची जुनी मालिका, नवी मालिका, पायाभूत वर्ष यांवरचे वाद चालतात तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला हेच लोक काय म्हणतात, ते ग्रुपवर सगळ्यांनी वाचलेलं आहे.

‘शिलाई मशीन सोडून काही नाही’ यातही अर्धं सत्य आहे. त्यांच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा. एका धंद्यावर एवढा भार टाकणं धोक्याचं, हे तिथले अर्थतज्ज्ञही ओरडून सांगतात. पण ‘फक्त’ शिलाई? १९७० च्या दशकाच्या शेवटी देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने आपली १३० माणसं दक्षिण कोरियात बुसानला देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. परत आल्यावर त्यातले बहुतेक जण नोकरी सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचे कारखाने काढले, नाहीतर दुसऱ्यांचे उभे करून दिले. ज्या देशात कापूस जवळपास पिकत नाही, तो कपडे निर्यातीत चीनच्या पाठोपाठ दुसरा जातो. आपल्याकडे यवतमाळपासून जळगावपर्यंत कापूसच कापूस, पण बंद सूतगिरण्यांच्या भाडेपट्ट्याच्या नोटिसा वाचायला मिळतात, आणि आपण हसतो त्यांच्या मशीनला. या धंद्याची किंमतही त्यांनी मोजली. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळलं आणि अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. त्यावर हसायचं असेल तर हसा.

शाळा-दवाखान्यांबद्दल. १९९० मध्ये पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण बांगलादेशात आपल्यापेक्षा जास्त होतं. २०१५ पर्यंत ते आपल्याहून कमी झालं होतं, तेही उत्पन्न आपल्यापेक्षा कमी असताना. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी हे दशकभरापूर्वीच दाखवलं होतं. आयुर्मानातही ते आपल्या पुढेच. यामागे एक साधी गोष्ट आहे. १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बाया घरोघरी गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना शिकवून आल्या: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, पोर हगायला लागलं की हे पाजा. शिकवणाऱ्या बाईचा पगार किती, हे त्या आईला नंतर किती आठवतं त्यावर ठरायचं! असली कल्पना आपल्या एखाद्या जिल्हा परिषदेला सुचली असती तर मी तिचा फोटो ग्रुपवर टाकला असता.

सहावा मुद्दा एका ओळीचा. ‘अल्पविकसित’ ही शिवी नाही, सवलत आहे. त्या शिक्क्यामुळे त्यांचा शर्ट युरोपात बिनशुल्क जातो आणि आपल्या तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या शर्टावर शुल्क लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२१ मध्येच त्यांची बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ अशी ठरवली, आणि हा शिक्का आणखी काही वर्षं राहू द्या, असं म्हणणारे त्यांचेच कारखानदार आहेत.

आता पाचवा. फुकटात पुरवतो म्हणे.

२०२३-२४ मध्ये आपण बांगलादेशला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून दोन अब्जांचाही घेतला नाही. गिऱ्हाईक अकरा रुपयांचा माल नेतो, आपण त्याच्याकडून दोन रुपयांचाही घेत नाही, आणि वर आपणच ओरडायचं की याला फुकट पोसतोय. असा दुकानदार आमच्या गावच्या बाजारात एक दिवाळी टिकला नसता. विजेचंही तेच. झारखंडमधल्या गोड्डाचा १६०० मेगावॉटचा प्रकल्प बांगलादेशला वीज विकण्यासाठी बांधला, पंचवीस वर्षांच्या करारावर. २०२४ च्या शेवटी थकबाकी ८० कोटी डॉलरच्या वर गेली म्हणून पुरवठा कमी केला होता. फुकट देणाऱ्याची थकबाकी कधी असते का?

आणि ‘बंद करून बघा’ हे आपण करून बघितलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात बंद. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. पहिल्या वेळी शेख हसीना दिल्लीत येऊन हसत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, आता स्वयंपाकात कांदा घालू नकोस, आणि पुढच्या वेळी जरा आधी सांगत जा. गुडघ्यावर आले का ते? तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान, मिळेल तिथून त्यांनी कांदा आणला, विमानानेसुद्धा आणला. मग स्वतःचं पीक वाढवायला घेतलं. २०२५ मध्ये तर बराच काळ त्यांनीच आपल्या कांद्याचे आयात परवाने अडवून धरले, त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. गुडघ्यावर कोण आलं ते लासलगावच्या लिलावात उभं राहून विचारा. डिसेंबर २०२३ ला रस्त्यावर बसलेला माणूस बांगलादेशी नव्हता.

सुताचं आणखी पुढचं. एप्रिल २०२५ मध्ये भारतातून खुष्कीच्या मार्गाने येणारं सूत बांगलादेशने स्वतःहून बंद केलं. ज्याला आपण ‘बंद करू’ म्हणून धमकी देतोय, ते त्याने आपल्या हाताने बंद केलं होतं! उत्तर म्हणून मे महिन्यात आपण त्यांचे कपडे सीमेवरच्या नाक्यांतून घेणं थांबवलं आणि फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं ठेवली. जो माल ट्रकने दोन-तीन दिवसांत यायचा तो अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून माझ्या टेबलावर येऊ लागला. आमच्या कामाला तोटा नाही झाला, उलट कागद वाढले. पण तो खर्च कोणीतरी भरतोच. इथला दुकानदार भरतो, मग गिऱ्हाईक भरतं.

आणि संत्री. २०१९ पासून बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वर्षागणिक चढवत नेलं. वरुड-मोर्शीचा माल तिथे महाग पडू लागला, गाड्या कमी झाल्या, भाव पडले. २०२३ मध्ये राज्य सरकारला त्या शुल्कापोटी अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे त्या देशाने आपलं एक फळ थोडं कमी घेतलं, तर मुंबईत मंत्रिमंडळाला बसावं लागलं. हे मामांनी स्वतः भोगलंय. त्या वर्षी त्यांनी बाग व्यापाऱ्याला ज्या भावाने दिली तो भाव ते आजही घरात मोठ्याने उच्चारत नाहीत.

एवढं सगळं मी रविवारी फोनवर त्यांना सांगितलं. मधे दोनदा मामींनी चहा झाला म्हणून हाक मारली, ते उठले नाहीत. मेसेज त्यांनी ग्रुपवरून काढला नाही, काढणारही नाहीत. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, ‘मंग आंबिया बहारापर्यंत ते ड्युटी कमी होईन का रे?’

ते ढाक्यात ठरतं, म्हटलं.