अटी छाटणीला, भाव काढणीला

करार शेतीचा विषय निघाला की गावाकडच्या चर्चेत एकच भीती पुढे येते: कंपनी बांधाच्या आत आली की शेतकरी स्वतःच्याच रानात सालगडी होणार. करार शेतीचीही तरतूद असलेले २०२० चे कृषी कायदे पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले, वाद मात्र मिटला नाही. ही भीती मला खोटी वाटत नाही, उशिराची वाटते. नेदरलँड्समध्ये राहून दिसतं ते असं, की खरेदीदार बांधाच्या आत केव्हाच आलेला आहे.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे निर्यातीची द्राक्षबाग धरणाऱ्याला विचारा. कोणतं औषध मारायचं, शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी, मण्याची साईझ किती, हे युरोपातली सुपरमार्केटं ठरवतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर इथे अडकले. वेलीची शेंडावाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं, आणि निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. इथल्या काही साखळ्या तर कायद्याला चालणाऱ्या अंशाच्या एक तृतीयांशच मान्य करतात. अवकाळी पाऊस होऊन डाऊनी हा बुरशीचा रोग आला की ही अट किती जड जाते, ते बाग सांभाळणाऱ्यालाच कळतं. एवढं सगळं पाळून भाव ठरतो काढणीच्या तोंडावर, आणि पुष्कळदा तोंडीच.

इथल्या दूधउत्पादकालाही अटी आहेत. गाई वर्षातून किमान १२० दिवस, रोज सहा तास कुरणात सोडल्या तरच दूध ‘कुरणाचं’ म्हणून विकलं जातं. गाय कधी बाहेर जाईल हेसुद्धा खरेदीदार सांगतो! पण त्या अटीचे पैसे डेअरी वेगळे मोजते, आणि गोठ्यालगत पुरेशी जमीन नसलेला माणूस ती अट नाकारूनही दूध घालू शकतो.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे मोठ्या खरेदीदाराला ३० दिवसांत द्यावेच लागतात. बाहेरच्या देशांतल्या पुरवठादारांनाही हे संरक्षण आहे. म्हणजे आपल्या निर्यातदाराला ते मिळतं. निर्यातदार आणि बागायतदार यांच्यातल्या व्यवहाराला मिळत नाही.

आपल्याकडे असं काही जमणारच नाही, हे मला पटत नाही. उसाची जात, लागणीची नोंद, तोडीची पाळी कारखानाच ठरवतो. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कारखाने थकवतात, हे खरंच. तरी थकल्यावर बोट ठेवायला कलम आहे, साखर आयुक्तांचं दार आहे.

द्राक्षाच्या सौद्यात एवढं तरी लेखी हवं: एप्रिल छाटणीआधी औषधांची यादी, कडक अटीसाठी किलोमागे जादा किती, पैसे किती दिवसांत, औषधाच्या अंशाच्या (रेसिड्यू) तपासणीचा खर्च कोणाचा, आणि यादी पाळूनही माल नाकारला गेला तर नुकसान कोणाच्या माथी.