गड्ड्याच्या आत देतो

तुळजापूरच्या घाटात माझ्या व्हॅनच्या बरोबरीने चालणाऱ्या एका यात्रेकरूने खिडकीतून सासूबाईंकडे पाणी मागितले. सासूबाईंनी पायाशी ठेवलेल्या फिरकीच्या तांब्यातून पेला भरून दिला, तो गृहस्थ चालता चालता पाणी प्यायला, आपण मोहोळहून आलो असून नातवाचे जावळ काढायचे आहे ही माहिती त्याने दिली आणि पुढच्या वळणावर रिकामा पेला परत केला. या संपूर्ण व्यवहारात मी गाडी थांबवलेली नव्हती. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि ॲक्सिलरेटर तळाच्या पत्र्याला टेकलेला होता. मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "जावईबापू, मी जरा पाय मोकळे करीत पुढे होतो, वर भेटूच." त्याच क्षणी मी इंजिनाचे काहीतरी करण्याचा निश्चय केला.

ही व्हॅन म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी परदेशात तयार झालेली, कुठल्याशा प्रकल्पाबरोबर इकडे आलेली आणि प्रकल्प संपल्यावर लिलावात निघालेली, चारही चाकांना जोर असलेली डिझेल गाडी आहे. तिच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. आमचे शेत अक्कलकोट तालुक्यात, काळ्या रानात आहे. पावसाळ्यात ती माती चपलेला, बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला सारख्याच आपुलकीने बिलगते. अशा चिखलातून, पुढच्या चाकांची कुलपे फिरवून आणि गिअरशेजारची आखूड दांडी ओढून, ही व्हॅन डुलत डुलत बाहेर येते तेव्हा बांधावरच्या मंडळींच्या नजरेत जो आदर दिसतो, तो मला नोकरीच्या तीस वर्षांत कोणाच्याही नजरेत दिसलेला नाही. मात्र डांबरी चढ लागला की तिचे अवसान गळते. अडीच लिटरचे इंजिन, पाऊणशे घोड्यांची शक्ती आणि माणसांसकट दोन टनांच्या पलीकडे जाणारे वजन, असा तो हिशेब आहे. त्यातच सोलापूरच्या मे महिन्यात हवा तापून विरळ होते आणि तेवढ्या प्रमाणात त्या घोड्यांपैकी काही जण सावली पाहून बसून राहतात.

आमचे मिस्त्री अक्कलकोट रस्त्यावर गॅरेज चालवतात. त्यांचे आजोबा हातमागावर बसत, वडील यंत्रमागावर उभे राहत आणि हे स्वतः गाडीखाली आडवे असतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि न निघणाऱ्या नटाशी कन्नड, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली आहे. त्यांनी माझी कैफियत शांतपणे ऐकली आणि निदान सांगितले. "इंजिन उपाशी आहे सर. डिझेल पाहिजे तेवढं मिळतंय, पण हवाच मिळंना. टर्बो बसवू की."

टर्बोचे मर्म त्यांनी मला चहाच्या दोन कपांत समजावून दिले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, म्हणजे जास्त हवेत जास्त डिझेल जळते आणि जोर वाढतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, हे मी घरी येऊन वाचले आणि टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही वृत्ती पाहून या गृहस्थाचे मूळ शोधत गेल्यास ते सोलापुरी निघेल की काय, अशी शंकाही मला आली. माझे इंजिन ज्या घराण्यातले होते त्याच घराण्यात टर्बो असलेले भावंडही होते. तेव्हा आपला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मूळ धड, तसाच ठेवायचा, त्यावर भावंडाचे हेड आणि पिस्टन चढवायचे, टर्बो मात्र सहज मिळणारा म्हणून एका मालवाहू टेम्पोचा घ्यायचा, असा बेत ठरला. किती दिवस लागतील, असे मी विचारले. "आठ दिवस. मृगाच्या आत देतो."

इंजिन बाहेर काढणे म्हणजे बॉनेट उघडून ते कप्पीने वर उचलणे, अशी माझी समजूत होती. या व्हॅनला बॉनेट नाही. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली आहे आणि ते वरून निघत नाही, खालूनच निघते. आणि खाली पुढच्या चाकांना जोर पोचवणारा डिफरन्शियल, त्याचा शाफ्ट आणि एक आडवा लोखंडी तुळईसारखा भाग वाट अडवून बसलेला असतो. त्यामुळे इंजिन काढण्यासाठी आधी पुढचे सगळे सोडवावे लागले आणि मग इंजिन जमिनीवर ठेवून गाडीच चेन कप्पीने वर ओढावी लागली. गॅरेजच्या गर्डरला नाकाने टांगलेल्या अवस्थेत माझी व्हॅन मृग, आर्द्रा आणि पुनर्वसू अशी तीन नक्षत्रे होती. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. रस्त्यावरून जाणारे ओळखीचे लोक मला भेटून गाडीची चौकशी अशा स्वरात करीत, की जणू ती अतिदक्षता विभागात आहे. शेतावर मी त्या पावसाळ्यात चालत गेलो. एका पायाला दोन किलो आणि दुसऱ्याला अडीच किलो माती घेऊन बांधावर पोचलो, तेव्हा गड्याने विनयाने विचारले, "चारी चाकाची गाडी आणली नाही व्हय?"

याच सुमारास आमच्या शेजारचे वकीलसाहेब सहज बोलायला आले आणि जाताना मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ ठेवून गेले. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, असे ते कलम सांगते. मी रात्रभर जागा राहिलो. सकाळी मिस्त्रींकडे गेलो, तर त्यांनी ब्लॉकवरचा चिकट थर चिंधीने पुसून मला त्यावर कोरलेला क्रमांक दाखवला. "नंबर ब्लॉकवर असतोय. ब्लॉक आपलाच आहे. तुम्ही कशाला टेन्शन घेऊलालाव?" माझा पिंड टेन्शन घेण्याचा असल्यामुळे मी रीतसर अर्ज केला. अर्ज, जोडपत्रे, तपासणी आणि शेरा यांत दोन महिने गेले, आणि तेवढ्या काळात काम पुढे न सरकल्याबद्दल मिस्त्रींना माझ्याकडून एकदाही बोलणी खावी लागली नाहीत. "गणपतीच्या आत देतो," असे ते म्हणाले.

खरी गंमत इंजिन परत चढवताना झाली. टर्बोला तेल दाबाने मिळते, पण वापरलेले तेल नुसत्या उताराने खाली चेंबरमध्ये परत जावे लागते. म्हणून टर्बो तेलाच्या पातळीच्या वर असावा लागतो. तो वर घेतला तेव्हा सीटखालच्या पेटीचे झाकण बसेना. झाकण कापून चार बोटे उंच केले तेव्हा सीट चार बोटे वर आली. सीट वर आली तेव्हा माझे डोके टपाला लागू लागले. मी मान एका बाजूला कलती करून स्टिअरिंग धरून पाहिले. मिस्त्रींनी दुरून, एक डोळा मिटून, माझ्याकडे बघितले आणि "होतंय की," एवढेच म्हणाले. टर्बोपासून खाली येणारा धुराचा पाइप पुढच्या शाफ्टला घासू लागला, म्हणून तो तीन ठिकाणी कापून, वळवून पुन्हा जोडला. दाबलेली हवा गरम होते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर हवा. सीटखाली त्याला वारा कुठून लागणार, म्हणून तो पुढच्या बंपरमागे गेला. तो तिथे गेला म्हणून रेडिएटरचा वारा अडला. रेडिएटरचा वारा अडला म्हणून विजेचा पंखा आला. पंखा आला म्हणून त्याला वीज पुरवणारा मोठा अल्टरनेटर आला. घरात एक नवी सून आली की सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा बदलतात, तसा हा प्रकार होता, फरक एवढाच की येथे प्रत्येक बदलाची पावती माझ्या नावाने फाटत होती. रेडिएटर धुण्याचा दिवस मिस्त्रींनी नेमका पाणी न येण्याचा निवडला. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे भरून ठेवलेल्या पिंपातले सहा बादल्या पाणी मोटारीसाठी नेणाऱ्या नवऱ्याकडे बायको कोणत्या नजरेने पाहते, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही.

दसऱ्याला इंजिन सुरू झाले. पहिल्या फेरीला मी, सौभाग्यवती आणि मागे मिस्त्री असे तिघे होटगी रस्त्याला निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि सीटखालून एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू आली. मी चार-पाच महिने ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच होता. सौभाग्यवती ओटीतली फुले नीट करीत होत्या, त्यांनी मान वर न करता, केवळ सवयीने विचारले, "ही कितवी?" कुकर नव्हे, हा टर्बो आहे, असे मी समजावून सांगेपर्यंत इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. नवा जोर जुन्या क्लचप्लेटला पेलत नव्हता. मिस्त्री मागून म्हणाले, "बघा, ताकद किती आलीय!" त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता, की नव्या क्लचप्लेटचे पैसे मी आनंदाने दिले.

त्यानंतर उष्णतेचा प्रश्न आला. काम करणाऱ्या टर्बोचे धुराकडचे घर पाचशे अंशांच्या पुढे तापू शकते, आणि माझ्या बाबतीत ते घर आणि मी यांच्यामध्ये एक पत्रा आणि एक गादी एवढेच अंतर होते. ऑक्टोबरच्या उन्हात वरून सूर्य आणि खालून टर्बो, अशी माझी भाकरी दोन्ही बाजूंनी भाजली जाऊ लागली. मिस्त्री ग्लासवूलची दुहेरी ढाल करून देणार होते, पण त्याला आठ दिवस लागणार होते आणि त्यांच्या आठ दिवसांचा मला अनुभव होता. म्हणून मी माझी स्वतःची अक्कल चालवली. जी चादर सोलापूरचे नाव देशभर घेऊन गेली, जिला भौगोलिक मानांकन आहे, जी थंडीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती उष्णतेपुढे का टिकू नये, असा विचार करून मी एका जुन्या चादरीच्या चार घड्या घालून झाकणाखाली बसवल्या. पार्क चौकापर्यंत मला अतिशय गार वाटले. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो असताना वाहतूक पोलीस जवळ आला, त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, "साहेब, तुमच्या बुडाखालून धूर निघालाय." पुढची पाच मिनिटे मी चौकाच्या मध्यभागी एका धुमसत्या चादरीवर नाचत होतो, आणि चारही बाजूंची वाहने हिरवा दिवा लागूनही हलत नव्हती. चादर सुती होती, हे मात्र त्या वासावरून निर्विवाद सिद्ध झाले.

ग्लासवूलची ढाल बसली आणि सीट आणखी दोन बोटे वर आली. मिस्त्रींनी काचेजवळ हवेचा दाब दाखवणारे एक छोटे घड्याळ बसवून दिले आणि किल्ली देताना एक ताकीद दिली: जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही, दोन मिनिटे तसेच चालू ठेवायचे. तापलेल्या दांड्याचे तेल एकदम थांबले तर ते जागीच करपते आणि टर्बो जातो. तारीख डिसेंबरची होती. शेवटची मुदत त्यांनी गड्ड्याची, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, दिलेली होती आणि गड्डा संक्रांतीला भरतो, त्यामुळे काम वेळेच्या आधी झाले, असे ते म्हणाले. मला ते नाकारता आले नाही.

लगेचच्या रविवारी मी सासू-सासऱ्यांना सन्मानाने बोलावले आणि तुळजापूरला निघालो. मी मान डावीकडे कलती करून, एखाद्या फार नम्र माणसासारखा बसलो होतो. घाटाच्या पायथ्याशी मी खाली गिअर टाकला, घड्याळाकडे पाहिले, दीर्घ श्वास घेतला आणि पाय दाबणार, इतक्यात पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसला. त्यामागे दोन ट्रॉल्या होत्या. रस्ता आता चौपदरी आहे, म्हणून मी उजवीकडे वळलो. तेथे उसाचा दुसरा ट्रॅक्टर, त्याच्याही मागे दोन ट्रॉल्या, पहिल्याला मागे टाकण्याच्या खटपटीत होता. दोघांच्याही स्पीकरवर मोठ्याने गाणी लागलेली होती आणि दोघांपैकी कोणीही माघार घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो संपूर्ण घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो. घड्याळाचा काटा शून्यावरून केसभरही हलला नाही. मध्यावर कोठेतरी एका पायी जाणाऱ्या बाईने खिडकीशी येऊन, या गाडीत जागा आहे का, असे विचारले, आणि मी उत्तर देण्याआधीच, "राहू द्या, चालतच लवकर जाईन," असे म्हणून ती पुढे निघून गेली.

तुळजापुरात मी गाडी सावलीत लावली आणि इंजिन चालूच ठेवले. सासूबाई ओटीचे ताट घेऊन उतरल्या. सासरे दार धरून थांबले.

"उतरायचं नाही का?"

"दोन मिनिटं, बाबा. टर्बो तापलेला असतो, तो थंड होऊ द्यावा लागतो."

सासऱ्यांनी घड्याळाच्या काट्याकडे पाहिले, मग माझ्या कलत्या मानेकडे पाहिले, आणि खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारले, "पण तो तापला कधी?"