युनिट मोजायचे की खांब?

काल कट्ट्यावर वाद प्रकाशने पेटवला. म्हणे, "वीज वितरणात एका कामगारामागे किती युनिट विकले एवढंच बघा. आकडा वाढला की उत्पादकता वाढली. कारखान्यात आम्ही पोती मोजतोच की!" प्रकाश साखर कारखान्यात हिशेबाला आहे. त्याला सगळं जग पोत्यांत दिसतं.

तात्या लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "घरोघरी साठचा बल्ब जाऊन नऊचा एलईडी आला, युनिट घटले. खांब तेवढेच, तारा तेवढ्याच, पावसात शिडी घेऊन पळणारं पोरगंही तेच. मग पोरगं आळशी झालं म्हणायचं?"

"बरं, मग खांब मोजा."

"मोजा की! उद्या साहेब लोक माळरानावर खांब रोवत सुटतील."

समीर अर्थशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, ऑस्ट्रेलियाचा वीज नियामक वितरण कंपन्यांची तुलना करताना एका आकड्यावर थांबत नाही. युनिट, ग्राहकसंख्या, लाईनची लांबी आणि आजवर एका वेळी गाठलेली सर्वांत मोठी मागणी, असं सगळं धरतो. ग्राहक जितकी मिनिटं अंधारात, तेवढे गुण वजा. यात सगळ्यांत कमी वजन युनिटला! मागणीचा आकडा तर एकदा वर गेला की खाली येत नाही, कारण तार तेवढ्या भारासाठी घातलेली असते. मला हे पटलं. जाळ्याचा खर्च होतो तो बटण दाबताच वीज येण्याच्या तयारीवर. बटण किती वेळ दाबून ठेवलं याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

प्रकाशला पटेना. "एवढी वजनं कोण ठरवणार? ज्याच्या हातात वजन, त्याचं माप."

मुद्दा खरा होता, आणि आपल्याकडे तर माप त्याआधीच डळमळतं. कितीतरी शेतीपंपांना मीटर नाही, बिल एचपीवर येतं. फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या मुख्य लाईनवर, सोडलेल्या विजेतून मीटरवाली वजा केली की उरलेल्यातली पंपांनी किती ओढली आणि गळती किती, हा अंदाजच. गळती पंपांच्या नावावर टाकली की कंपनी कागदावर सुधारते. एक डीपी बदलावी लागत नाही.

"हे सगळं करून मिळतं काय?" प्रकाशचा शेवटचा बाण. समीरने ब्रिटनचं उदाहरण दिलं. 1984 मध्ये तिथली टेलिफोन कंपनी खासगी केली तेव्हा दरवाढीला लगाम घातला: महागाई जेवढी, त्यातून ठरावीक टक्के वजा. ते टक्के म्हणजे कंपनीने किती सुधारावं याचा अंदाज. तो फार कमी धरला तर फायदा कंपनीच्या खिशात, फार जास्त धरला तर दुरुस्तीला कात्री. थोडक्यात, प्रश्न आपल्या बिलाचा.

इतका वेळ गप्प असलेला बाळू मग बोलला. त्याच्या पंपाला पाळीने रात्रीची वीज येते.

"दिवसाचा भार रात्री ढकलला की त्याच तारांतून जास्त वीज जाणार. म्हणजे कंपनी हुशार. मी बॅटरी घेऊन विंचू-काट्यातून दारं धरायला जातो, ते तुमच्या कुठल्या रकान्यात?"

"ऑस्ट्रेलियाच्याही यादीत नाही," समीर म्हणाला.

"मग ती यादी अपुरी," तात्या म्हणाले. प्रकाशचं मत मात्र उलटं: बाळूचा त्रास खरा, पण तो शेतीच्या हिशेबात धरावा, विजेच्या नाही. त्यावरून पुन्हा जुंपली.