झारीना अलेक्झांड्रा जर्मनीची हेर नव्हती

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: रशियाची शेवटची सम्राज्ञी अलेक्झांड्रा मूळची जर्मन राजकन्या, म्हणून ती कैसरसाठी, म्हणजे जर्मन सम्राटासाठी, हेरगिरी करायची, ती रासपुतिन या साधूबाबाची प्रेयसी होती, रशियाला निघालेल्या ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनेरची बोट तिनेच बुडवली, आणि मरणाआधी तिने खिडकीवर हिटलरचं चिन्ह काढलं. यातलं ‘मूळची जर्मन’ एवढंच खरं. बाकीचं वाचून मला मनापासून राग येतो, कारण यातले बहुतेक आरोप ती जिवंत असतानाच तिच्यावर झाले होते आणि तेव्हाही कुणी पुरावा मागितला नव्हता.

आधी तिचं जर्मनपण बघू. तिचा जन्म 1872 चा, हेसे या जर्मन संस्थानाच्या राजधानीतला, डार्मस्टाटचा. 1866 च्या युद्धात हेसेने प्रशियाकडून, म्हणजे कैसरच्या घराण्याच्या राज्याकडून, मार खाल्लेला, त्यामुळे घरात प्रशियाविषयी प्रेम असण्याचं कारण नव्हतं. तिची आई अ‍ॅलिस ही व्हिक्टोरिया राणीची मुलगी. (तीच व्हिक्टोरिया, जिच्या नावाने आपण मुंबईचं स्टेशन ‘व्हीटी’ म्हणत आलो.) ही पोर सहा वर्षांची असताना आई घटसर्पाने गेली. पुढे आजीनेच तिच्या वाढण्यावर लक्ष ठेवलं आणि इंग्रज दायांनी तिला सांभाळलं. रशियाचा सम्राट, म्हणजे झार, निकोलसशी लग्न झाल्यावरही नवराबायको एकमेकांना पत्रं लिहीत ती इंग्रजीत.

त्याच पत्रांत या आरोपाचं उत्तर आहे. 1915 च्या वसंतात तिच्या भावाने, हेसेच्या ग्रँड ड्यूकने, कळवलं की तहाची चाचपणी करायला आपण एक विश्वासू माणूस स्टॉकहोमला पाठवतोय, झारनेही कुणाला तरी पाठवावं. नवरा आघाडीवर होता. तिने परस्पर निरोप धाडला, की त्या माणसाने थांबू नये, तहाची वेळ अजून आलेली नाही. आणि हे सगळं लगेच नवऱ्याला लिहून कळवलं. हेर असं वागते का?

1914 च्या शेवटच्या महिन्यांत ती काय करत होती तेही तिनेच लिहून ठेवलंय. त्सारस्कोये सेलोच्या इस्पितळात वेरा गेद्रोइत्स या स्त्री-सर्जनच्या हाताखाली तिने आणि तिच्या दोन थोरल्या मुलींनी रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. एका सकाळी एका सैनिकाचा अख्खा हात कापावा लागला. सर्जनच्या हातात अवजारं देत होती सम्राज्ञी, आणि सुईत दोरा ओवत होती राजकन्या ओल्गा. पण लोकांना मुकुट घातलेली सम्राज्ञी हवी होती, रक्ताने माखलेला एप्रन घातलेली नको. या कामामुळे तिचा मान वाढण्याऐवजी उतरला.

मग संशय एवढा पसरला कसा? नोव्हेंबर 1916 मध्ये मिल्यूकोव या विरोधी पुढाऱ्याने ड्यूमात, म्हणजे रशियाच्या संसदेत, सरकारच्या एकेका चुकीचा पाढा वाचला आणि दर वेळी विचारलं, हा मूर्खपणा की देशद्रोह? ‘तरुण झारीना’भोवतीच्या दरबारी गटाबद्दलचं एका ऑस्ट्रियन वर्तमानपत्रातलं वाक्यही त्याने वाचून दाखवलं. भाषण छापायला बंदी झाली, म्हणून ते हाताने उतरवून घरोघर गेलं. 1917 च्या क्रांतीने झारशाही गेल्यावर हंगामी सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगात झारचे मित्र नव्हते, हाताशी राजवाड्याची कागदपत्रं होती. तरीही देशद्रोहाचा पुरावा सापडला नाही.

‘रासपुतिनची प्रेयसी’ या आरोपामागे एक खरं पत्र आहे, हे मान्य करायला हवं. ‘तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं की मन शांत होतं’ अशा अर्थाचं तिचं पत्र बाहेर फुटलं आणि 1912 च्या सुमारास त्याच्या प्रती राजधानीत फिरल्या. पण तिची सगळीच पत्रं अशी भावनेने ओथंबलेली आहेत. आणि रासपुतिन तिला हवा होता तो मुलासाठी. अलेक्सेईला हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, होता. आजीकडून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलेला हा दोष तिने पोटच्या पोराला दिला होता. 1912 मध्ये स्पाला इथे आठ वर्षांचा अलेक्सेई वेदनेने किंचाळत होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. रासपुतिनची तार आली की पोरगा मरणार नाही, आणि पोरगा वाचला. त्यानंतर त्या माणसाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ती आई ऐकणार नव्हती.

किचनेरचं प्रकरण थोडक्यात संपतं. त्याला नेणारी ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका 5 जून 1916 ला ऑर्कनी बेटांजवळ सुरुंगावर आदळली. ते सुरुंग यू-75 या जर्मन पाणबुडीने आठवडाभर आधी ब्रिटिश नौदलासाठी पेरले होते. किचनेर त्या वाटेने येणार हे पाणबुडीवाल्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिचा दोष कुठे होता, तेही सांगतो. निरंकुश झारशाहीवर तिची अंधश्रद्धा होती. डिसेंबर 1916 मध्ये तिने नवऱ्याला लिहिलं, पूर्वीच्या कडक झारांसारखा पीटर द ग्रेट हो, इव्हान द टेरिबल हो, सगळ्यांना पायाखाली चिरड. मिल्यूकोवलाही सायबेरियात धाडायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. त्या एका वर्षात चार पंतप्रधान झाले, त्यात तिच्या आग्रहाचा मोठा वाटा. या हट्टाने रशियाचं भयंकर नुकसान झालं. पण याच पत्रात, युद्ध चालू असताना घरात भांडण लावणं हा देशद्रोह आहे, असंही ती लिहिते. तिच्या मनातला देश रशियाच होता.

राहिलं ते चिन्ह. एप्रिल 1918 मध्ये येकातेरिनबुर्गच्या इपातियेव हाउसमध्ये कैदेत पोचल्यावर तिने खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने स्वस्तिक काढलं आणि खाली तारीख घातली. शुभचिन्ह म्हणून ती ते आधीपासून वापरायची. हिटलरच्या पक्षाने ते उचललं 1920 मध्ये. आपल्याकडे उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर ते कशासाठी काढतात हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच वसंतात तोबोल्स्कला असताना, जर्मन आपल्याला सोडवतील अशी बातमी आल्यावर ती म्हणाली होती, जर्मनांकडून वाचण्यापेक्षा रशियात मेलेलं बरं. 17 जुलैच्या पहाटे त्याच घराच्या तळघरात तिला, नवऱ्याला आणि पाचही मुलांना गोळ्या घातल्या.