मागच्या आठवड्यात यायचं होतंस

"थोडा लवकर आलास," असं चेरीच्या बागेच्या मालकाने मला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं, आणि डिसेंबरच्या मध्यावर त्याच फाटकापाशी, तीच टोपी घातलेल्या त्याच माणसाने सांगितलं, "मागच्या आठवड्यात यायचं होतंस." म्हणजे या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी चेरी तोडायचं काम होतं. मी तेवढ्यात जरा बाजूला गेलो होतो.

गाव म्हणजे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधलं यंग. चेरीसाठी इतकं प्रसिद्ध की दर डिसेंबरात तिथे नॅशनल चेरी फेस्टिव्हल भरतो. चेरीची गंमत अशी की ती पिकत आली आणि वरून पाऊस पडला की ते पाणी पिऊन फुगते आणि साल तडकते, तडकलेली चेरी बाजारात चालत नाही, म्हणून पाऊस थांबला रे थांबला की बागवाले हेलिकॉप्टर बोलावतात आणि ते झाडांच्या डोक्यावर घिरट्या घालून पाणी उडवून लावतं. हे मी स्वतः पाहिलंय, फाटकाबाहेर उभं राहून. लग्नात नवरदेवाला कुणी एवढा वारा घातला नसेल. एवढं करून मालकाची निम्मी बाग तडकलीच, उरलेली तोडायला माणसं आधीच होती, आणि मी पुन्हा वॅनमध्ये.

आता हा उद्योग सुचला कुठून ते सांगतो. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, २०२४ मध्ये भारतीयांना उघडला. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, आणि २५ डॉलर भरून नाव टाकायचं, मग चिठ्ठ्या. माझी चिठ्ठी निघाली. घरी लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला, फक्त ही अशी लॉटरी की जिच्यात बक्षीस म्हणून आपल्यालाच कामाला जावं लागतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांना मात्र शेवटपर्यंत शब्द पटला नाही. "काम कसलं?" "कॅज्युअल." "कॅज्युअल म्हणजे सुट्टी ना?" त्यांनी आयुष्यभर ऑफिसात सीएल टाकली, त्यांचं बरोबरच आहे. इथे कॅज्युअल म्हणजे नेमकं उलटं, पगारी सुट्टी शून्य, आजारी पडलात तर स्वखर्चाने पडा, त्याच्या बदल्यात तासाच्या दरावर २५ टक्के जास्त. आणि उद्या काम आहे का हे आज संध्याकाळी कळणार. कधी कधी उद्याच कळणार.

तयारी मात्र मी जोरात केली होती. जुनी वॅन घेतली, मागची सीट काढून प्लायवूडवर गादी टाकली. टॅक्स फाइल नंबर काढला. बांधकामावर काम मिळेल म्हणून व्हाइट कार्डाचा कोर्स केला, बारमध्ये काम मिळेल म्हणून दारू जबाबदारीने कशी वाढावी याचा आरएसए कोर्स केला. आजतागायत मी एक वीट उचललेली नाही आणि एक ग्लास भरलेला नाही, पण दोन्हींचा अधिकृत इसम आहे. रेझ्युमेच्या दोन आवृत्त्या होत्या, एकीत माझं सॉफ्टवेअरमधलं पाच वर्षांचं करिअर आणि दुसरीत ते सगळं काढून टाकून 'शारीरिक कष्टांची आवड'. दुसरी वाचताना मलाच हसू यायचं. प्रत्येक ठिकाणच्या फॉर्मवर एक प्रश्न ठरलेला, काही मेडिकल कंडिशन आहे का, आणि मी प्रत्येक वेळी ऐटीत 'नाही' लिहायचो. हा प्रश्न लक्षात ठेवा.

हंगामाचा मागोवा घ्यायला काही अवघड नाही असं आधी वाटतं. सरकारची हार्वेस्ट ट्रेल नावाची सोयच आहे, कुठल्या महिन्यात कुठे कुठलं फळ ते सगळं लिहिलेलं. कागदावर तो देश म्हणजे एक फिरती पंगत, वर उत्तरेला कॅथरीनकडे आंबा, तो संपला की खाली चेरी, मग टास्मानियाची चेरी, मग पेअर, मग द्राक्षं. आपण फक्त पंगतीबरोबर सरकत राहायचं. फरक इतकाच की एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला चार दिवस गाडी चालवावी लागते. मी सिडनीत असताना कॅथरीनच्या एका आंबेवाल्याला मेसेज टाकला होता. त्याचा फोन आला तेव्हा मी यंगमध्ये 'थोडा लवकर' येऊन बसलो होतो. "उद्या सकाळी सहाला येशील?" मी मॅप उघडला. साडेतीन हजार किलोमीटर. "सात चालतील का?" असं विचारलं, तर त्याने फोन ठेवला. विनोदाला तिकडे हंगाम नसावा.

त्या मधल्या महिन्याभरात मी जिथे बाजूला गेलो होतो ते म्हणजे एक वर्किंग हॉस्टेल. गावाचं आणि हॉस्टेलचं नाव घेत नाही. तत्त्व साधं, तुम्ही त्यांच्याकडे राहायचं, ते तुम्हाला शेतावर काम लावून देणार. आठवड्याचं भाडं आगाऊ घेतलं आणि यादीत माझं नाव चौदावं लिहिलं. रोज संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या बोर्डवर उद्याची नावं लागायची आणि आम्ही सगळे हातात चमचा, पातेलं, जे असेल ते घेऊन दहावीचा निकाल बघायला जावं तसे बोर्डापुढे गोळा व्हायचो. पाचव्या दिवशी माझा नंबर बारावा. म्हटलं, सरकतंय. आठव्या दिवशी पंधरावा. यादी खालून वाढते हे मला माहीत होतं, वरूनही वाढते हे तिथे कळलं. आणि या सगळ्या काळात माझी वॅन, आत गादी घातलेली, बाहेर अंगणात फुकट उभी, आणि मी पैसे मोजून वरच्या बंकवर छताला नाक लावून झोपलेलो. खाली एक मुलगा झोपेत मोठमोठ्याने आकडे मोजायचा. त्याला बहुतेक त्याचा नंबर आठवत असावा.

दुसरीकडे एक कंत्राटदार मेसेजवर भेटला, पत्ता देईना, पूर्ण नाव सांगेना, म्हणे पासपोर्ट माझ्याकडे ठेव. व्हिक्टोरिया राज्यात मजूर पुरवणाऱ्याला लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यांची यादी कुणालाही बघता येते, मी बघितली, हे साहेब त्यात नव्हते. तो विषय तिथेच मिटला.

खरी मदत झाली ती एका फुकट कॅम्पसाइटवर. तिथे ग्रे नोमॅड नावाची जमात असते, म्हणजे रिटायर झालेली जोडपी जी कॅरॅव्हॅन गाडीला जोडून महिनोन् महिने देश फिरत असतात. माझ्या शेजारी सत्तरीचं एक जोडपं होतं. त्यांच्याकडे घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल आणि घडीचं कुत्रं वाटावं इतकं छोटं कुत्रं. मी आपली बेकारीची कर्मकथा सांगितली तर काकू म्हणाल्या, अरे आम्हीही कामच करत फिरतो. काकू गव्हाच्या हंगामात धान्य उतरवून घेतात त्या ठिकाणी होत्या, ट्रक आला की त्यात लांब नळी खुपसून नमुना काढायचा, ओल किती, प्रोटीन किती तपासायचं. काका एका कॅम्पग्राउंडची राखण करायचे, बदल्यात राहणं फुकट. दोघांचं वय मिळून एकशे चाळीस, दोघांना मिळून दोन नोकऱ्या. माझं वय अठ्ठावीस, नोकऱ्या शून्य, सर्टिफिकेटं दोन.

"व्हिक्टोरियात शेपर्टनकडे जा," काकू म्हणाल्या. "जानेवारी संपता संपता विल्यम्स पेअर सुरू होतात. फोन करू नकोस, फोन कुणी उचलत नाही. सकाळी सहाला फाटकात उभा राहा. आणि बूट घाल." मी पायांकडे बघितलं. चपला. चार महिने मी लोकांच्या फाटकांवर चपला घालून काम मागत होतो.

बूट घेतले, सहाला उभा राहिलो, सव्वासहाला झाडाखाली होतो. इतकं सोपं होतं ते.

पेअर, म्हणजे आपली नाशपाती, तोडायची नसते, उचलायची असते. फळ तळव्यात धरायचं आणि देठाच्या जोडापाशी बोट टेकवून वर कलवायचं, झालं असेल तर टक् करून हातात येतं. खाली ओढलं तर देठ निसटतो किंवा फांदीवरचा पुढच्या वर्षीचा डोळा बरोबर येतो, आणि असा डोळा हातात आला की सुपरवायझर तुमच्याकडे असं बघतो की जणू तुम्ही त्याच्या नातवंडाचा कान तोडून आणलाय. छातीवर कॅनव्हासची झोळी, भरली की पंधरा-वीस किलो, ती घेऊन शिडीवरून उतरायचं, मग मोठ्या खोक्यावर म्हणजे बिनवर वाकायचं, झोळीच्या तळाची दोरी सोडायची आणि फळं अलगद, अलगद म्हणजे तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी उतरवायची, कारण डाग पडला तर फळ बाद. असे शेकडो किलो टाकले की एक बिन भरतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझा बिन अर्धा झाला. शेजारच्या ओळीत एक जर्मन मुलगी होती, ती गाणी ऐकत तिसरा बिन भरत होती. मी तिला युक्ती विचारली. ती म्हणाली, "तू प्रत्येक फळाकडे बघतोस." मी म्हटलं, मग कुणाकडे बघू?

बिनवर पैसे म्हणजे पीस रेट. पूर्वी यात माझ्यासारख्याचं दिवाळंच निघायचं, दिवसभर राबून जेवणापुरतं सुटायचं. पण २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला, तुम्ही कितीही ढिले असा, जितके तास काम केलं त्याचे किमान तासाच्या दराने पैसे मिळालेच पाहिजेत आणि मालकाने तासांची नोंद ठेवलीच पाहिजे. मी त्या नियमावर जगलो. माझ्या पगाराच्या स्लिपवर ती भरपाईची ओळ दर आठवड्याला असायची, म्हणजे माझा आळशीपणा शासनमान्य होता. त्यातून १५ टक्के टॅक्स कापायचा. शिवाय सुपर, म्हणजे म्हातारपणाची पुंजी, मालक आणखी १२ टक्के भरतो, आणि माझ्यासारखा पाहुणा देश सोडताना ती मागायला गेला की तिच्यातले ६५ टक्के टॅक्समध्ये जातात. म्हणजे माझं म्हातारपण ३५ टक्क्यांचं.

तीन आठवड्यांत पेअर संपले. निघताना सुपरवायझरने, बहुधा सुटलो एकदाचा म्हणून, बाद फळांचा एक खोका मला दिला. पेअर झाडावर नीट पिकत नाहीत, कच्चे उतरवतात आणि मग ते खोक्यात आतून बाहेर पिकत येतात, त्यामुळे वरून दगड आणि आतून दगड असे ते पेअर मी गादीखाली ढकलले आणि विसरलो. पुढचा पल्ला साउथ ऑस्ट्रेलियातला रिव्हरलँड, द्राक्षांचा हंगाम. आठवडाभर रमतगमत, वॅन उन्हात तापत, साडेपाचशे किलोमीटर. मिल्ड्यूरा सोडलं आणि रस्त्यावर पाट्या दिसायला लागल्या, फळं पुढे नेऊ नका. फ्रूट फ्लाय, म्हणजे फळमाशी, साउथ ऑस्ट्रेलियात शिरू नये म्हणून यांबाला चोवीस तासांचं नाकं आहे, तिथे डिकीपासून डब्यापर्यंत बघतात आणि फळ सापडलं तर दंड. आणि तेव्हाच मला वॅनमध्ये दोन दिवस कसला गोड वास येतोय ते कळलं.

खोका काढला. सगळे पेअर एका दिवसात, एका तासात, जणू ठरवून पिकले होते. बोटाने दाबलं तर रस. समोर फळं टाकायचा कचऱ्याचा डबा. माझ्यावर झालेले संस्कार आणि तो डबा यांची पाच मिनिटं झटापट झाली. एक एक फळ मी शिडीवर चढून उतरवलेलं, एकेकाकडे बघितलेलं, ते डब्यात? बाजूला गाडी लावली आणि बसलो. पहिले चार फार सुंदर लागले. पाचवा ते सातवा कर्तव्य म्हणून. आठव्याला हनुवटीवरून रस कोपरापर्यंत आला. शेजारी एक कुटुंब असंच पीचची पिशवी संपवत होतं, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली, बोलण्यासारखं काही नव्हतं. अकराव्याला मी हरलो, उरलेले डब्यात टाकले आणि नाकं ओलांडलं.

रिव्हरलँडमध्ये पहिल्याच मळ्यात कळलं की इथली वाइनची द्राक्षं बहुतेक मशिनने निघतात, तीही रात्री, गारव्यात, आपण झोपलेले असताना. मळेवाला म्हणाला, वायनरीत जा, तिथे टाक्या धुवायला रात्रपाळीची माणसं लागतात. गेलो. ऑफिसात एक बाई, समोर फॉर्म. नाव, टॅक्स फाइल नंबर, बुटाचा साइज. मग तो प्रश्न. पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाची एक साखर असते, ती जास्त झाली तर पोटात राहत नाही, आणि अकरा म्हणजे जास्तच, हे माझं शरीर मला सकाळपासून वेगवेगळ्या आवाजांत समजावून सांगत होतं.

"काही मेडिकल कंडिशन?" बाईंनी विचारलं.

"कालपासून एक आहे," मी म्हटलं आणि टेबलाची कड धरली.

बाईंनी मान वर न करता पेनाने डावीकडचं दार दाखवलं. "यांबावरून आलास ना? जा. मागच्या आठवड्यात आला होता त्याने जर्दाळू खाल्ले होते."